दाट हाडे आणि दुबळी व्यवस्था

हाड जितके दाट तितके बळकट, असा आपला सर्वसाधारण समज आहे. ऑस्टिओपेट्रोसिस हा दुर्मीळ आनुवंशिक विकार तो खोटा ठरवतो. जर्मन क्ष-किरणतज्ज्ञ आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ साली त्याचे वर्णन केले. निरोगी शरीरात जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम जोडीने चालते. या विकारात झिजवणाऱ्या पेशी निकामी ठरतात. हाड साचत जाते, संगमरवरासारखे दिसते आणि तरीही सहज मोडते. संचय म्हणजे सामर्थ्य नव्हे, हे समाजवाद्यांना निराळे सांगायला नको.

त्याचे उग्र रूप सुमारे अडीच लाख जन्मांमागे एका मुलात आढळते. मज्जेला जागा उरत नाही, म्हणून रक्तक्षय व जंतुसंसर्ग होतो. कवटीतील छिद्रे अरुंद होऊन दृष्टीची नस आवळली जाते. उपचाराविना बहुतेक मुले पहिल्या दहा वर्षांतच दगावतात. झिजवणाऱ्या पेशी रक्ताच्या मूळपेशींपासूनच उपजतात, म्हणून निरोगी दात्याच्या मज्जेचे रोपण हा त्यावरचा उपाय. त्याच्या यशाचा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला. काही उपप्रकारांत मात्र रोपणाचा उपयोग होत नाही, म्हणून आधी जनुकतपासणी हवी. आणि गेलेली दृष्टी रोपणानंतर सहसा परत येत नाही. सारा प्रश्न वेळेचा आहे.

केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात हा विकार एकवेळच्या उपचाराने बरा होऊ शकणाऱ्या पहिल्या गटात आहे. मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपये झाली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे नियुक्त केंद्रांपैकी एक. परंतु तालुक्याच्या गावी फिकट पडलेले, नजर न स्थिरावणारे तान्हे मूल तेथवर पोचवायचे कोणी?

कुपोषण संपलेले नसताना एका मुलावर लाखो रुपये का खर्चावेत, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक आहे. पण अपुरा आहे. या विकाराची पहिली शंका साध्या क्ष-किरण चित्रावरून येते. ते यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारा डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात असणे ही कुपोषित मुलाचीही गरज आहे. दोघांचा लढा एकच होय.

बाजाराला मूठभर रुग्णांत गिऱ्हाईक दिसत नाही. म्हणूनच ही जबाबदारी शासनाची ठरते. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील रुग्णालयात जाऊन क्ष-किरण यंत्र चालू आहे काय, एवढे तरी विचारावे. मागणीची सुरुवात तेथून होते.