गाभाऱ्याचे दार उघडले, पण पूजा कोणी सांगायची?

१/ अंबाबाईच्या गाभाऱ्यातील स्त्रीप्रवेशाचा वाद २०१६ साली गाजला. दर्शनाचा हक्क एक, पौरोहित्याचा अधिकार दुसरा. पहिल्यावर निकाल लागला. दुसऱ्याचा विचार करायचा तर कोल्हापूरच्या इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/ १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर पुरोहिताने शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले. त्यातून वेदोक्त प्रकरण पेटले आणि राजोपाध्यांची इनामे जप्त झाली.

३/ १९२० साली शाहूंनी या वादाला संस्थात्मक उत्तर दिले. मराठा मुलांना पौरोहित्य शिकवणारे श्री शिवाजी वैदिक विद्यालय निघाले. सदाशिवराव पाटील बेनाडीकर क्षात्रजगद्गुरू झाले. जन्माने मिळणारे पद शिक्षणानेही मिळते, हे सिद्ध झाले.

४/ त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेवर बंदी घातली. देवाला वाहिलेल्या मुलीच्या वाट्याला संसार येत नसे. येई तो जोगवा आणि देवाच्या नावाखालचे शोषण.

५/ हे निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. धर्माने स्त्रीला दिलेली शोषणाची जागा कायद्याने बंद केली. प्रतिष्ठेची जागा मात्र तिच्यासाठी उघडली नाही. जातीची भिंत भेदणारे पौरोहित्य पुरुषांपुरतेच राहिले.

६/ ही काळाची मर्यादा होती, असे म्हणता येईल. परंतु त्याच पिढीत नगर जिल्ह्यातील साकोरीला उपासनी महाराजांनी कन्यांना वेदमंत्र व यज्ञविधी शिकवले. पुढे गोदावरी माता तेथील प्रमुख झाल्या. विरोध झाला, तरी परंपरा टिकली.

७/ कायद्याची वाटही अर्ध्यावरच थांबली. वंशपरंपरागत पुजारीपद स्त्रीला वारसाने मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली मान्य केले. विधी मात्र तिने प्रतिनिधीकडून करवून घ्यावेत, ही चाल कायम राहिली. उत्पन्न तिचे, मंत्र दुसऱ्याचा!

८/ एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन स्त्रियांचा हक्क अधोरेखित केला. त्याच महिन्यात स्त्रिया अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या. हा विजय मोठा होता, पण तो भक्ताचा होता.

९/ दरम्यान वंशपरंपरेचा पायाही ढासळू लागला होता. २०१४ साली पंढरपुरात बडवे-उत्पातांचे हक्क संपले आणि मंदिर समितीने पूजेसाठी स्त्रियांसह सर्व जातींकडून अर्ज मागवले. २०१८ साली विधिमंडळाने अंबाबाई मंदिरासाठी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा मंजूर केला.

१०/ पद नेमणुकीने भरायचे ठरले की पात्रतेचे निकष सांगावे लागतात. मंत्र, विधी, शुचिता हे सारे शिकता येते. मग स्त्रीला वगळण्याचे कारण उरते कोणते? शाहूंची रीत स्पष्ट होती: आधी शाळा, मग पद. जिथे देवताच स्त्री आहे, त्या नगरीने मुलींसाठी पौरोहित्याची शाळा काढावी. १९२० चे काम तेव्हाच पुरे होईल.