‘कोच बदला’ म्हणणं सोपं असतं!

शाहू स्टेडियमवर पेठेची टीम हरू दे, नाहीतर मलकापूरच्या कट्ट्यावर मोबाइलवर बघितलेली भारताची मॅच. पहिली आरोळी एकच, ‘कोच बदला!’

खालिद जमील यांचंच बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले. सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला हरवून तिसरा नंबर, तेव्हा टाळ्या. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ हार, आशियाई कपची वाट बंद, लगेच शिव्या. पण जमील येण्याआधीच्या दोन पात्रता सामन्यांत भारताचा गुण होता फक्त १, हे कोण सांगणार?

जर्मनीचा युर्गन क्लॉप माइन्झकडून ११ वर्षं खेळला आणि २००१ मध्ये तिथेच कोच झाला. २००२ आणि २००३ ला बुंडेसलिगाचं तिकीट थोडक्यात हुकलं. २००४ ला मिळालं, २००७ ला पुन्हा गेलं. तरी क्लबनं त्याला हाकललं नाही. पुढे डॉर्टमुंड आणि लिव्हरपूलला त्यानं काय मिळवून दिलं, ते जगानं बघितलं.

जमील यांचं माइन्झ म्हणजे मुंबई एफसी. तिथेच खेळणं थांबलं, २००९ मध्ये तिथेच कोच झाले आणि ७ वर्षं टिकले. मोठी ट्रॉफी आली नाही. पण त्याच शिदोरीवर त्यांनी २०१७ मध्ये छोट्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली.

स्टिमॅक गेले, मार्केझ गेले; १४ महिन्यांत जमील तिसरे. हरल्यावर जाब विचाराच. फक्त कोचला वेळ किती दिला, हेही फेडरेशनला विचारा!