बाटलीला मतपेटी, धावपट्टीला लाठी

गावातील दारूच्या दुकानावर लोकमत घेण्याची सोय आपल्या राज्यात आहे. 2008 च्या नियमांनुसार 25 टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली की दुकानाला टाळे लागते. म्हणजे गावाचे बरेवाईट जाणण्याइतकी बुद्धी गावातल्या बाईला आहे, हे शासनाने मान्य केले आहे. मात्र तिच्या रानातून विमानाची धावपट्टी काढायची झाली की तिची ही बुद्धी एकाएकी नाहीशी होते!

पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावे 2016 पासून विमानतळाशी झुंजत आली. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, त्यांना रद्दीची किंमत आली. मे 2025 मध्ये ड्रोनने मोजणी करावयास आलेल्यांना गावकऱ्यांनी अडविले, तेव्हा लाठ्या चालल्या. (खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव. त्यांच्या जयंतीला हार घालणारे हात कोणते, हे वाचकांस सांगावयास नको.) पुढे बहुसंख्य खातेदारांनी संमतिपत्रे दिली, असा सरकारचा दावा आहे. दिलीही असतील. पण औद्योगिक विकासाच्या 1961 च्या कायद्याने सक्तीची तलवार टांगून घेतलेल्या संमतीस कौल म्हणता येत नाही. सावकाराच्या ओट्यावर उठविलेला अंगठाही संमतीच असतो.

शिवाय ही संमती कोणाची? सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याची. त्याच रानात जन्मभर खुरपणी करणाऱ्या मजूर बाईचे, बटाईदाराचे, मेंढपाळाचे नाव कोणत्या उताऱ्यावर आहे? 2013 चा भूसंपादन कायदा खासगी प्रकल्पास 80 टक्के व भागीदारीच्या प्रकल्पास 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती मागतो. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पास तीही लागत नाही. मतदारयादीत मात्र भूमिहीनही असतो. मतपेटीची धास्ती वाटते ती याचमुळे.

'विमानतळासारखा तांत्रिक प्रश्न अडाण्यांच्या मतावर सोडायचा काय?' असे शहाणे विचारतात. बर्लिनमध्ये टेंपलहॉफच्या जुन्या विमानतळावर लोकांनी 2008 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये मतदान केले. पहिल्या खेपेस पुरेसे मतदान झाले नाही व विमानतळ बंद पडला. दुसऱ्या खेपेस त्या मोकळ्या मैदानावर बांधकाम करू द्यावयाचे नाही, असा कौल मिळाला. बर्लिन काही बुडाले नाही.

इतके दूर तरी कशाला? 21 सप्टेंबर 2008 रोजी रायगड जिल्ह्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 'सेझ'वर शासनानेच शेतकऱ्यांचे मत घेतले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लढ्याचे ते फळ. कौल आपल्या विरुद्ध आहे हे दिसताच सरकारला तो जाहीर करण्याचे धैर्य झाले नाही. पण प्रकल्पही पुढे सरकला नाही.

आपल्या वसमतकरांना हा दूरचा विषय वाटू नये. शेजारच्या नांदेडचा विमानतळ 2009 मध्ये लातूर, बारामती, यवतमाळ, उस्मानाबादसह 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीस देण्यात आला. नांदेडकरांना कोणी विचारले? पुढे वर्षानुवर्षे तेथे विमानाची वाट पाहावी लागली. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीने तर आपल्याच तालुक्यातला हळद पिकविणारा शेतकरी रस्त्यावर उतरला.

येथे आपल्याच पदरी असलेला दोषही सांगितला पाहिजे. ग्रामसभेत हात वर करून झालेल्या ठरावावर आपण समाधान मानीत आलो. पाटलाच्या डोळ्यांदेखत सालगडी कोणता हात वर करणार? म्हणून मागणी गुप्त मतदानाची हवी, मतदारयादीवरील प्रत्येक प्रौढाची हवी, आणि कौल शासनावर बंधनकारक हवा. बाटलीच्या नियमात जे बसते ते धावपट्टीच्या व महामार्गाच्या कायद्यात बसविण्यास एक दुरुस्ती पुरेल. येत्या ग्रामसभेत साथींनी हा ठराव मांडावा, आणि तो मंजूर करून घेतानाही चिठ्ठ्या टाकूनच मत घ्यावे.