यौवनलोपी

थायमसला मराठीत 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. वयात आल्यावर ती आक्रसते, तिच्या जागी चरबी साठते, एवढेच या नावातून कळते. तोवर तिने केलेल्या कामाचा नावात मागमूस नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथीत मरणाऱ्या पेशीच फार दिसत. त्यामुळे ती पेशींचे स्मशान ठरली. १९६१ साली लंडनमध्ये संशोधक जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. उंदीर खंगले, परक्या उंदराची कातडीसुद्धा त्यांच्या अंगावर निमूट टिकली. परके ओळखणाऱ्या, या ग्रंथीत घडणाऱ्या टी पेशीच उरल्या नव्हत्या.

पण त्या घडवतानाही मरण हेच तिथले मुख्य काम आहे. अस्थिमज्जेतून आलेली प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे वाटेल तसे जुळवून स्वतःचा ग्राहक-रेणू घडवते. ही जुळणी आंधळी असते. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात त्या रेणूला शरीराचे स्वतःचे खूणरेणू हलकेच धरता आले पाहिजेत. न आल्यास जगण्याचा संकेत मिळत नाही. बहुतेक पेशी इथेच संपतात. आतल्या भागातली गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. तिथल्या पेशी एका खास जनुकाच्या बळावर स्वादुपिंडाचे इन्शुलिन, डोळ्यातली प्रथिने असा साऱ्या देहाचा नमुना थोडा थोडा तयार करून दाखवतात. त्याला घट्ट चिकटणारी टी पेशी मारली जाते. काहींना मात्र इतरांना आवरणाऱ्या पेशी म्हणून राखले जाते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. ते जनुक बिघडले, तर मुलाचे शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उठते.

हे ठाऊक नव्हते तेव्हा अमेरिकेत हजारो तान्ह्या मुलांच्या निरोगी थायमसला 'वाढलेली' ठरवून क्ष-किरण दिले गेले. त्यांतल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला.

बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना वाटेत येणारी थायमस आजही अनेकदा काढावी लागते. जीव वाचवायला ते करावेच. पण प्रौढांतही ती निरुपद्रवीपणे काढता येते, हा समज २०२३ साली बोस्टनमधल्या अभ्यासाने हलवला: थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले, तशाच शस्त्रक्रियेत ती राखलेल्यांपैकी २.८ टक्के. काढणे हेच कारण, हे त्याने सिद्ध होत नाही. तरी संमतीपत्रावर या ग्रंथीचे नाव असावे, आणि जमेल तिथे तिचा एखादा तुकडा जागेवर ठेवावा.