शिबिर मे महिन्यातच हवे!

राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर म्हणजे डिसेंबर-जानेवारी, हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे. हवा थंड, विहिरींना पाणी, शेतात हिरवळ! पाहुण्यांनाही येणे सोयीचे. माझे मत मात्र उलट आहे. शिबिर भर उन्हाळ्यात घ्यावे. बाबा आमट्यांच्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यातच भरत आली आहे, ती काय उगीच?

गेल्या मे महिन्यात आमचे शिबिर अपवादाने तोरणमाळला झाले. १९९८ पर्यंत हा भाग आपल्या धुळे जिल्ह्यातच होता, आता नंदुरबारमध्ये. उंची सुमारे ११५० मीटर. खाली जळगाव-भुसावळ भट्टीसारखे तापलेले, आणि एस. टी. सातपायरीचा घाट चढली तशी वाऱ्याची झुळूक अंगावर आली. मुलींनी टाळ्याच वाजवल्या. आश्रमशाळेला सुट्टी असल्याने तिच्या खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या.

पहाटे पाचला उठायचे, प्रार्थना, चहा, की कुदळ-फावडे घेऊन निघायचे. दहापर्यंत श्रमदान. मग भाकरी-पिठले. दुपारी बौद्धिक (त्यात निम्मे शिबिरार्थी पेंगत, हे सांगायला हरकत नाही), संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाने फेरी. चित्रातला तलाव काठोकाठ भरलेला असतो. मे महिन्यात पाणी आत सरलेले होते; कडेला भेगाळलेल्या गाळाचा पट्टा, आणि त्यावर गुरांच्या खुरांचे ठसे. एवढा मोठा तलाव, पण पलीकडच्या पाड्यावरच्या बाया पिण्याचे पाणी भरत होत्या ते ओहोळातल्या एका झिऱ्यातून, वाटीवाटीने. डिसेंबरात हे आम्हाला दिसले असते का?

पहिल्या दिवशी आम्ही आखून दिलेले चर खणले. चर चांगलेच; पावसाचे पाणी मुरते. पण पाड्याला विचारले कोणी नव्हते. तिथे पावरी बोलतात. आमच्या पुस्तकी मराठीला त्या बाया नुसत्या हसत. मी सहज अहिराणीत बोलले, तर एक म्हातारी लगेच उत्तर देऊ लागली. ज्या अहिराणीमुळे मी वर्गात तोंड उघडायला लाजते, ती तिथे कामी आली! त्यांना हवे होते एवढेच, की झिऱ्यातला गाळ काढून भोवती दगड रचावेत. दोन दिवसांचे काम. आम्ही ते केले. माझ्या मते साऱ्या शिबिरातले खरे काम तेवढेच.

एका बौद्धिकात पाहुणे म्हणाले, आजच्या युवकाला कुदळ धरता येत नाही. वाचकहो, आमच्यातल्या बहुतेकांचे हात आधीच घट्टे पडलेले होते. मी स्वतः सुट्टीत आईबरोबर धसकटे वेचायला जाते. श्रमाची प्रतिष्ठा आम्हाला शिकवायला नको. आमच्या श्रमाचे काय होते, ते बोला!

कारण मे महिन्याच्या विरोधात खरी अडचण उन्हाची नाहीच. ती माझ्या आईने सांगितली. मी शिबिराचे नाव काढले तेव्हा ती म्हणाली, "सात दिनना रोज कोन भरी?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिला सेवा म्हणजे काय हे कळत नाही असे नाही. तिला आठवड्याचा हिशेब कळतो. शेवटी मोठ्या भावाने दोन पाळ्या केल्या, म्हणून मला जाता आले. माझ्या वर्गातल्या दोघींना जाता आले नाही. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावेत असा नियम आहे. ज्याच्या घरी पोटापुरते आहे तो ते सहज देतो आणि प्रमाणपत्र मिळवतो. ज्याला ते तास विकूनच वह्या घ्यायच्या असतात, त्याने काय करावे?

उपाय माझ्या अल्पमतीला एकच सुचतो. महाविद्यालयांत 'कमवा आणि शिका' योजना असते. तिथे तासाप्रमाणे मानधन मिळते. गरजू विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिरातले श्रमदानाचे तास त्या योजनेत धरावेत. मग ते दान कसले, असे कोणी विचारील. जरूर विचारावे, पण आधी एका आठवड्याची मजुरी सोडून दाखवावी.

यंदाचे शिबिर पुन्हा डिसेंबरात ठरते आहे, असे कानावर आले आहे. पावसाळ्यात झिऱ्यात पुन्हा गाळ येणार. तो उपसायला कोणीतरी मे महिन्यात जायला हवे. त्या दोघींची नावे मी आताच देऊन ठेवते आहे, त्यांच्या रोजाची सोय होणार असेल तर.