गिरमिट हाताने फिरवायचे की विजेने?

हाताने केलेल्या कामात आत्मा असतो आणि यंत्राच्या कामात तो नसतो, असे सांगणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेत आणि युरोपात जाड तुळया एकमेकींत गुंतवून लाकडी सांगाड्याची घरे उभारणारे सुतार आहेत. त्यांच्यातही हा वाद चालतो. एका पक्षाला फक्त कुऱ्हाड, पटाशी आणि हाताने फिरवायचे गिरमिट मान्य आहे. दुसऱ्याचे विजेच्या करवतीशिवाय चालत नाही. वाद परदेशातला, पण 'हाताचे तेच पवित्र' हा युक्तिवाद आमच्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आधी काम काय ते पाहू. एका तुळईच्या टोकाला कुसू काढतात, दुसरीत ते बसेल अशी चौकोनी खोबण पाडतात आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकतात. खोबणीसाठी आधी गिरमिटाने शेजारी शेजारी भोके पाडायची, मग उरलेले लाकूड पटाशीने काढायचे. 19व्या शतकात अमेरिकेतल्या सुतारांच्या हाती यासाठी एक यंत्र आले. त्याची फळी तुळईवर ठेवायची, तिच्यावर बसायचे आणि दोन्ही हातांनी दोन मुठी फिरवायच्या. गिरमिट सरळ खाली उतरते, तिरके जात नाही. आज परंपरा म्हणून जिची पूजा होते, ती वस्तू मुळात श्रम वाचवण्यासाठी काढलेले यंत्रच आहे! तिच्या आधीचा सुतार आडव्या मुठीचे गिरमिट नुसत्या खांद्याच्या जोरावर फिरवत होता. हे यंत्र पाहून त्याला परंपरा बुडाली असे वाटले असेल का? हायसेच वाटले असेल.

करवतीचेही तेच. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि लांब करवत दिवसभर ओढायची. भुसा पडायचा तो खालच्याच्या डोळ्यांत. हातकामाची महती गाणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : खड्ड्यात कोण उतरणार?

बाबासाहेबांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला फुरसत हवी आणि ती यंत्राशिवाय मिळत नाही. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत लादली गेली, त्याला घामाचे काव्य ऐकवू नये.

मग हातकाम टाकाऊ आहे का? तसे आम्ही म्हणत नाही. पॅरिसचे नोत्र-दाम चर्च 15 एप्रिल 2019 ला जळाले. त्याच्या मुख्य दालनाच्या छताच्या तुळया कारागिरांनी पुन्हा कुऱ्हाडीने तासल्या. कुऱ्हाड लाकडाच्या रेषेचा मान राखते, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. पण तयार कैच्या क्रेननेच वर चढवल्या, आणि त्यात कुणाला विटाळ वाटला नाही. शिवाय हे काम मजुरी घेऊन, कामगार कायद्यांच्या संरक्षणात, आपल्या मर्जीने आलेल्यांनी केले. सगळा फरक तिथे आहे. छंद म्हणून गिरमिट फिरवणारा दमला की थांबतो. रोजंदारीवरचा थांबला तर त्याची मजुरी कापली जाते.

विजेच्या अवजारांचेही आम्ही पोवाडे गाणार नाही. जाड तुळई कापणारी चक्री करवत पात्याला लाकूड आवळले की उलट उसळते. खोबण पाडणाऱ्या साखळीच्या यंत्राचा आवाज कान बधिर करतो. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत आहे. हाताच्या पटाशीचे जाड छिलके पायाशी पडतात, यंत्राची धूळ फुप्फुसात जाते. म्हणून यंत्र देणाऱ्या मालकाने धूळ ओढणारा पंखा, पात्यावरचे कवच आणि कानांचे रक्षण हेही दिलेच पाहिजे. ते नसेल तर कारागिराने हातचे गिरमिट उचलणे शहाणपणाचे, पण मग जादा लागणाऱ्या तासांची मजुरी मालकाने मोजावी.

आमचे मत विचाराल तर ओबडधोबड कापणी आणि भोके विजेने करावीत, शेवटचा मिलाफ पटाशीने साधावा. यात हाताचे किती आणि विजेचे किती, हे ज्याची पाठ दुखते त्याने ठरवावे. घर विकत घेणाऱ्याच्या हौसेवर ते सोडू नये.