पाइप जमिनीतून वर काढा!



बंब आठवतो ना? तांब्याचा, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी! आमच्या विठ्ठलवाडीत त्याची जागा गिझरने केव्हाच घेतली. पण माझ्या माहेरी, मंगळवेढ्याला, परसातला बंब अजून रोज पहाटे पेटतो. तुराट्या आणि वाळकी लाकडं घरचीच, त्यामुळे खर्च असा नाहीच.

चार वर्षांपूर्वी माझ्या भावाने एक छान सोय केली. बंब चौथऱ्यावर चढवला आणि त्याच्या तोटीपासून जमिनीखालून पाइप नेऊन थेट न्हाणीघरात नळ काढला. वहिनीच्या कढत पाण्याच्या बादल्या सुटल्या! पण कसलं काय? पहिला पावसाळा झाला आणि भिंतीजवळचा जोड तुटला. प्लंबर म्हणाला, "पाइप हलका होता." दुसऱ्या वर्षी जाड पाइप घातला, तोही दोन फूट खोल. तो उन्हाळ्यात तुटला. तिसऱ्या वर्षी वरून सिमेंट ओतलं, तर सिमेंटसकट पाइप उचलला गेला. चौथ्या वर्षी भाऊ कंटाळला आणि वहिनीच्या हाती पुन्हा बादली आली.

या मे महिन्याच्या सुटीत मी तिथेच होते. पहाटे न्हाणीच्या पायरीवर वहिनीचा पाय घसरला आणि कढत पाणी पावलावर सांडलं. सासूबाई दौत आणायला धावल्या, पण मी तिचा पाय वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरला आणि मग दवाखान्यात नेलं. (भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका बरं का!) पण महिनाभर तिला टाच टेकता आली नाही.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. 'काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, तिला भेगा पडतात' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि माहेरच्या परसात हात जाईल एवढ्या भेगा दिसत असताना पाइप का तुटतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं!

झालं होतं ते असं. काळ्या मातीतले अतिशय बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि फुगतात. अंगणातली माती भिजते, घराखालची मात्र कोरडीच राहते. त्यामुळे अंगण वर उचललं जातं आणि घर जागच्या जागी. पाइपचं एक टोक वर जातं, दुसरं भिंतीत घट्ट बसलेलं. मग तो भिंतीपाशीच तुटायचा! आणि एकदा का जोड गळू लागला, की ते पाणी मातीलाच मिळतं आणि ती आणखी फुगते.

वहिनीच्या चौकशीसाठी मिनेसोटाहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्या शेजाऱ्यांकडे घराबाहेर लाकडावर चालणारा मोठा बॉयलर आहे. ती म्हणाली, "वहिनी, इथेही हेच होतं, फक्त थंडीने!" पाणी गोठलं की सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. शिवाय गोठणारी जमीन खालचं पाणी वर ओढून घेते, बर्फाचे थर साचतात आणि जमीन उचलली जाते. म्हणून त्या राज्याच्या दक्षिण भागात घराचे पाये निदान 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खोल घ्यावे लागतात. बॉयलरचे पाइपही जाड फोमच्या वेष्टनात घालून पुरतात.

मी फोन ठेवला आणि विचार केला, आपल्याकडे थंडीने जमीन गोठत नाही. मग पाइप पुरायचा कशाला? खोल पुरून सुटका म्हणावी, तर काळ्या मातीत घरांचे खास पाये साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. एका नळासाठी एवढं कोण खणणार? तेव्हा पाइप वर काढा! आम्ही काय केलं ते सांगते.

1. पाइप अंगणाच्या भिंतीवरून नेला. दर हातभर अंतरावर पट्ट्या लावल्या, पण आवळल्या नाहीत. गरम पाण्याने पाइप थोडा लांबतो, त्याला जागा हवी.

2. बंबाची तोटी उंच, न्हाणीतला नळ खाली; मध्ये सलग उतार ठेवला.

3. साधा पीव्हीसी पाइप कढत पाण्याने मऊ पडतो. सीपीव्हीसी सुमारे 93 अंशांपर्यंतच टिकतो. बंबात पाणी उकळतं, म्हणून आम्ही लोखंडी जीआय पाइप घेतला.

4. चौथरा हलला तरी जोड तुटू नये, म्हणून बंब आणि पाइप यांच्यामध्ये स्टीलची लवचीक नळी बसवली. भिंतीतलं भोक पाइपापेक्षा मोठं ठेवलं आणि तिथे सिमेंट भरलं नाही.

5. बंबाचं वरचं तोंड कधीही घट्ट बंद करू नका. वाफेला वाट हवीच.

6. पाइपवर फोमचं वेष्टन चढवा. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या नकोत. त्यांचे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

वाटेत अंगण ओलांडावंच लागलं तर? तेवढ्या भागातली काळी माती काढून चांगला मुरूम चोपून भरा. न फुगणाऱ्या मातीचा असा थर काळी माती आवरून धरतो, हे मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी संशोधनातून दाखवलं आहे. नुसती वाळू मात्र घालू नका, तिच्यात पाणी साठतं. अंगणाचं पाणीही घरापासून दूर काढा.

आमच्या विठ्ठलवाडीतही भरावाची जमीन पावसाळ्यात खचते आणि मोरीचा पाइप लोंबकळतो. तेव्हा तुमच्याकडे एकाच जागी पाइप दुसऱ्यांदा तुटला, तर नवा आणण्याआधी जमिनीकडे पाहा. आणि घरात कुणी कढत पाण्याची बादली वाहत असेल, तर हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका. आम्ही चार वर्षं टाकलं. त्याची किंमत वहिनीच्या पायाने मोजली.